कोटाची लांबी

आमच्या घरीं पत्र्याची एक जुनी ट्रंक आहे. वर्षांतून एकदां, नाताळाच्या अगोदरच्या आठवड्यांत, ती उघडावयाची, आंतील लोंकरी कपडे अंगणांतील दोरीवर उन्हांत घालावयाचे, आणि डांबराच्या गोळ्यांचा वास घरभर पसरला कीं सण जवळ आला असें समजावयाचें, ही आमच्या घरची वहिवाट. गेल्या नाताळांत त्या ट्रंकेंतून एक कोट बाहेर काढतांना आम्ही बराच वेळ तो हातांत धरून उभे राहिलों. त्याचें कारण सांगण्यासाठींच आज लेखणी उचलली आहे. पुरुषांच्या कोटासारखा क्षुद्र विषय शाळेच्या वार्षिकांत कशाला, असें पालकांपैकीं कोणास वाटल्यास त्यांनीं थोडा धीर धरावा, इतकीच विनंति.

कोट हें वस्त्र मूळचें आपलें नव्हे. आपले पूर्वज अंगरखा घालीत, बाराबंदी घालीत. त्यांस गुंड्या नसत, कापडाचेच बंद असत. इंग्रजी अमलांत कोट आला तो कचेरींतून व शाळेंतून. परंतु महाराष्ट्रानें तो जसाच्या तसा उचलला नाहीं. खालीं धोतर, वर गुडघ्याशीं टेकणारा बंद गळ्याचा लांब कोट, खांद्यावर उपरणें आणि मस्तकीं पगडी, रुमाल किंवा टोपी, असा एक मिश्र वेष त्यानें स्वतःच्या सोयीनें बनविला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचीं व विसाव्याच्या आरंभींचीं छायाचित्रें पाहावींत. वकील, कारकून व शिक्षक या वेषांत ताठ बसलेले दिसतील. त्या काळीं विलायतेंतील सभ्य गृहस्थही गुडघ्यापर्यंतचा फ्रॉक कोट घालीत. पुढें तिकडचा कोट आंखूड होत होत कमरेखालीं वीतभर येऊन थांबला, आणि तोच पुढें इकडेही आला. आमच्या लांब कोटानें मात्र खेड्यापाड्यांतून पुष्कळ वर्षें तग धरला.

आमचे आजोबा मिशनच्या खेड्यांतील शाळेवर शिक्षक होते. त्यांचें एकच छायाचित्र आमच्यापाशीं आहे. त्यांत ते अशाच लांब काळ्या कोटांत उभे आहेत. लहानपणीं तें पाहतांना आम्हांस एक कोडें पडे. छातीवरचा खिसा डाव्या अंगास असावयाचा, तो त्यांच्या उजव्या अंगास दिसे. छायाचित्रकारानें कांच उलटी ठेवून छाप काढली असावी, असा आमचा तर्क होता. पुढें आजोबांनींच उलगडा केला. वापरून वापरून कोट बाहेरून विटला, कोपरांवर चकाकूं लागला, तेव्हां शिंप्यानें तो सारा उसवला, कापडाची आंतील बाजू बाहेर घेतली आणि पुनः शिवला. त्यामुळें डावें तें उजवें झालें. महायुद्धाचे ते दिवस; १९४३ सालीं सरकारनें कापडावर नियंत्रण आणलें होतें, आणि नवें लोंकरी कापड घेणें खेड्यांतील शिक्षकाच्या पगारांत बसण्यासारखें नव्हतें.

कोट उसवून पाटावर पसरला असतांना शिंपी म्हणाला, "मास्तर, आतां एवढा लांब कोट कोण घालतो? साहेबी पद्धतीनें आंखूड करूं. उरलेल्या कापडांत पोराचें जाकीट निघेल." सल्ला व्यवहाराचा होता. घरांत मूल थंडींत कुडकुडत होतें, हेंही खरें. तरी आजोबांनीं तो मानला नाहीं. "लांबी आहे तेवढीच राहूं दे," एवढेंच ते बोलले.

तें कां, हें समजण्यास आणखी एक पिढी मागें जावें लागतें. आमच्या पणजोबांच्या लहानपणीं त्यांच्या गांवांत त्यांच्या जातीच्या माणसानें गुडघ्याखालीं धोतर सोडून चावडीपुढून जाण्याची चोरी होती. नवें वस्त्र मिळालेंच, तर तें प्रथम मळवावें आणि मग नेसावें, कारण कोरें वस्त्र डोळ्यांत भरतें. कापड किती वार वापरावें हें पैशावर नव्हे, तर जन्मावर ठरे. पणजोबा ख्रिस्ती झाले, आजोबा मिशनच्या शाळेंत शिकले, शिक्षक झाले, आणि पहिल्या कांहीं पगारांतून पैसा पैसा बाजूस टाकून त्यांनीं जो कोट शिवला, तो गुडघ्यापर्यंत आला. तो आंखूड करण्यास सांगणाऱ्या शिंप्यास यांतलें कांहींच ठाऊक नव्हतें. आणि आजोबा सांगत बसणारे गृहस्थ नव्हते.

वस्त्राच्या लांबीचा हा प्रश्न आमच्याच घरचा होता असें नाहीं. १९२७ च्या डिसेंबरांत महाडास परिषद भरली, तेव्हां डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं तेथें जमलेल्या स्त्रियांस लुगडें नेसण्याची जुनी तऱ्हा सोडण्यास सांगितलें. कारण त्या तऱ्हेवरूनच पाहणाऱ्यास जात ओळखतां येत असे. पुढें २ मार्च १९३० रोजीं आमच्या नाशकास काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं आमच्याच जिल्ह्यांतील येवल्यास त्यांनीं धर्मांतराची घोषणा केली. बाबासाहेबांचीं त्या वर्षांचीं छायाचित्रें विद्यार्थ्यांनीं नीट पाहावींत. सूट व्यवस्थित, गळपट्टी नीट बसलेली, कोट अंगाच्या मापाचा. कांहीं लोकांस त्यांत साहेबी थाट दिसे. आम्हांस तसें वाटत नाहीं.

याच्या उलट उदाहरण महात्मा गांधींचें. १८८८ सालीं ते शिक्षणासाठीं विलायतेस गेले, तेव्हां त्यांनीं लंडनच्या बाँड स्ट्रीटवर दहा पौंड खर्चून संध्याकाळचा पोशाख शिवून घेतला. ते पैसे व्यर्थ गेले, अशी कबुली त्यांनीं पुढें आत्मचरित्रांत दिली आहे. १९२१ च्या सप्टेंबरांत मदुरेस त्यांनीं सदरा-टोपी टाकून पंचा पतकरला, आणि १९३१ सालीं त्याच वेषांत ते लंडनला दुसऱ्या गोलमेज परिषदेस गेले. त्याच परिषदेंत डॉ. आंबेडकर सुटांत बसले होते. एकाच्या पेटींत दहा पौंडांचा पोशाख एकदां येऊन गेला होता, म्हणून पंचा नेसणें हा त्याचा त्याग ठरला. दुसऱ्याच्या समाजास पंच्याहून अधिक कांहीं नेसूं दिलेंच नव्हतें. त्यानें पंचा नेसला असता तर जगास त्यांत त्याग दिसला नसता, जुनी स्थितीच दिसली असती. आमचे आजोबा गांधीजींस फार मानीत. परंतु कोट त्यांनीं एक बोटभरही कमी केला नाहीं.

इंग्रजांच्या देशांत कोटावर जे प्रसंग आले, ते याच्या तुलनेनें करमणुकीचे वाटतात. त्याच महायुद्धांत, १९४२ सालीं, तेथील सरकारनें कापड वांचविण्यासाठीं पुरुषांच्या सुटांवर निर्बंध घातले. दुहेरी छातीचा कोट बंद, खिसे व गुंड्या मोजक्या, विजारीच्या पायाशीं दुमड घालण्यास मनाई. बाँब पडत असतांही लोकांस सर्वांत जिव्हारी लागली ती ही दुमडीची बंदी. कित्येक जण मुद्दाम लांब विजार शिवून घेत आणि घरीं जाऊन ती दुमडीत! १९४४ सालीं हे निर्बंध उठले. युद्ध संपल्यावर १९५० नंतरच्या दशकांत तेथील कांहीं तरुणांनीं आजोबांच्या काळचे मांडीपर्यंतचे लांब कोट पुनः अंगांत घातले. लगेच १९६३ च्या सुमारास बीटल्स नांवाच्या गवयांनीं बिनकॉलरचे आंखूड कोट घालून त्या लांब कोटांस म्हातारे करून टाकलें. १९७० नंतर कॉलरीची पट्टी रुंद झाली, विजारीची मोहरी फुगली. आपल्याकडे त्याच काळांत सफारी सुटानें कचेऱ्या व शाळा व्यापल्या. या शतकाच्या आरंभीं कोट पुनः आंखूड व अंगास चिकटलेला झाला, आणि अलीकडे तो परत सैल व लांब होऊं लागला आहे. भरती-ओहोटीप्रमाणें हें चालतें, आणि ओहोटीच्या वेळीं जन्मलेल्या मनुष्यास किनारा तेवढाच आहे असें वाटतें.

आतां आमच्या हातांतील कोटाकडे वळूं. तो आमच्या वडिलांचा. १९७६ सालीं त्यांचें लग्न झालें, त्यासाठीं नाशकास शिवलेला. तपकिरी रंग, बारीक चौकडी, कॉलरीच्या पट्ट्या अशा रुंद कीं लहानपणीं आम्हांस त्या केळीच्या पानांसारख्या वाटत. त्याबरोबरच्या विजारीची मोहरी चोवीस इंच होती. तिच्यांतून वडील चालले कीं अगोदर विजार पोहोंचे आणि मागाहून वडील. माप घेतेवेळीं आजोबा मुद्दाम दुकानांत जाऊन बसले होते आणि त्यांनीं शिंप्यास बजावलें, "लांबीला हात आंखडूं नका." म्हणून त्या दिवसांतील चालीपेक्षांही तो कोट एक इंच अधिकच लांब होता, एकतीस इंच भरे. वडिलांनीं तो प्रत्येक नाताळांत व ईस्टरला घातला, आमच्या पदवीच्या दिवशीं घातला, आजोबांच्या मातीस घातला.

२०१२ सालीं आमचें लग्न ठरलें. आईची इच्छा, आम्हीं वडिलांचा कोट घालावा. आम्ही तयार झालों. परंतु त्या वेळीं चाल होती ती आंखूड, घट्ट कोटाची, आणि एकतीस इंची कोट घालून व्यासपीठावर उभें राहण्याची आम्हांस लाज वाटली. आम्ही तो उचलून येथील शिंप्याकडे गेलों. हा शिंपी आम्हांस सर म्हणतो आणि आम्ही त्यास मास्तर म्हणतों. खडू व पट्टी हीं दोघांचींही हत्यारें, आणि दुसऱ्याच्या चुका उसवणें हा दोघांचाही धंदा, म्हणून आमचें बरें जमतें.

मास्तरांनीं कोट उलटा करून पाहिला. "काम सुंदर आहे, सर," ते म्हणाले. "मानेच्या शिवणीपासून जमिनीपर्यंत माप घ्यावें, त्याच्या निम्मा कोट असावा, हा आमचा जुना हिशेब. तुमचें माप एकूणसाठ येतें. म्हणजे साडेएकोणतीस ठेवला तर कायम चालेल." आम्हीं अठ्ठावीस सांगितले. मास्तर थोडे थांबले. "तीन इंच काढले तर खिसे खालीं घसरल्यासारखे दिसतील. खिसे वर नेतां येत नाहींत, कापड तेथें चिरलेलें असतें. आणि एकदां कापला कीं परत लांब होणार नाहीं. निदान आंत माया ठेवूं कां, दोन बोटें?" शिवणीच्या आंत दुमडून ठेवलेल्या जादा कापडास आपल्या भाषेंत माया म्हणतात, हें विद्यार्थ्यांस ठाऊक असेलच. ती ठेवली असती तर कांठ जाड दिसला असता. आम्हीं नको म्हटलें.

कोट शिवून घरीं आला तेव्हां वडील ओट्यावर बसले होते. त्यांनीं तो हातांत घेतला, कॉलर पाहिली, मग खालच्या कांठावरून बोट फिरविलें. रागावतील असें वाटलें होतें. रागावले नाहींत. "उरलेलें कापड कुठं आहे?" एवढेंच त्यांनीं विचारलें. मास्तरांनीं तें पुडींत बांधून दिलें होतें, तें आम्हीं त्यांस दिलें. आजोबांच्या त्या शिंप्याची गोष्ट त्या वेळींही आम्हांस ठाऊक होती. ती आठवण्याचें मात्र त्या वेळीं सुचलें नाहीं. लग्नांत सर्वांनीं कोटाची वाखाणणी केली. २०१९ सालीं वडील प्रभूकडे गेले. त्यानंतर ट्रंक आवरतांना तळाशीं ती पुडी सांपडली. तीन इंचांची तपकिरी पट्टी, दोन जादा गुंड्यांसह. मास्तरांस दाखविली, जोड दिसल्याखेरीज राहणार नाहीं, असें ते म्हणाले.

एवढें होऊनही आम्ही शहाणे झालों होतों असें नाहीं. आमच्या शाळेंत दहावीच्या मुलांचा निरोपसमारंभ फेब्रुवारींत होतो. अलीकडे मुलें त्यासाठीं कोट घालून येतात. बहुतेकांचे नाशकाहून भाड्यानें आणलेले असतात. मागच्या खेपेस एक मुलगा, द्राक्षबागाईतदाराचा, आजोबांचा काळा बंद गळ्याचा कोट घालून आला. आपल्या भागांतील म्हातारे शेतकरी धोतर-टोपीवर लग्नकार्यास घालतात तसला. पंधरा वर्षांच्या पोराच्या तो गुडघ्याखालीं आला होता. मागून कोणी "बँडवाला आला" असें म्हटलें आणि सभागृहांत हंशा पिकला. आम्ही व्यासपीठावर होतों. मुलांस दटावणें आमचें काम होतें. आम्ही हंसलों. फार नाहीं, ओठांच्या कडेनें. पण त्याच क्षणीं मुलानें आमच्याकडे पाहिलें.

रविवारच्या शाळेंत योसेफाच्या झग्याची गोष्ट आम्हीं किती वेळां सांगितली असेल, याची गणती नाहीं. इंग्रजी वाचणाऱ्यांस तो झगा रंगीबेरंगी म्हणून ठाऊक असतो. आपल्या मराठी शास्त्रांत तो पायघोळ आहे. भावांच्या डोळ्यांत सलली ती त्या झग्याची लांबी, असें आम्ही मुलांस मोठ्या रसानें समजावून देत असूं.

मुलानें कोट काढला, घडी घालून मांडीवर ठेवला, आणि छायाचित्राच्या वेळीं तो रांगेंत आला नाहीं. त्या रात्रीं आम्हांस नीट झोंप लागली नाहीं. परीक्षेच्या पहिल्या पेपराच्या दिवशीं फाटकाशीं त्यास गांठून आम्ही म्हणालों, "त्या दिवशीं आम्ही हंसलों तें चुकलें." त्यास बिचाऱ्यास आमच्यापेक्षां अधिक संकोच झाला. "असूं द्या, सर," म्हणाला, आणि आंत पळाला. शिक्षकानें क्षमा मागितली कीं विद्यार्थ्यास काय करावें हें सुचत नाहीं. आम्हीं ती सवयच त्यांस लावलेली नाहीं.

तो चांगल्या गुणांनीं उत्तीर्ण झाला. गेल्या नाताळांत जुने विद्यार्थी आमच्याकडे फराळास येतात, त्यांत तोही आला. अंगणांत दोरीवर कपडे होते. करंजी खात खात तो वडिलांच्या कोटापाशीं गेला, कांठ उलटून पाहूं लागला. त्याची आई घरीं शिवणकाम करते. पोराची नजर त्या कामांत तयार आहे.

"सर, हा कापलाय ना?" त्यानें विचारलें. "खिसे खालीं आलेत."

आम्हीं होय म्हटलें, आणि ट्रंकेंतून ती पुडी आणून दाखविली. आजोबांचें छायाचित्रही दाखविलें. उजव्या अंगाचा खिसा त्यानें आपणहून ओळखला. "उलटवून शिवलाय," तो म्हणाला. त्यानें ती पट्टी कोटाच्या खालच्या कांठाशीं धरून पाहिली, चौकडी चौकडीशीं जुळवून पाहिली, मान हलविली आणि पुडी पूर्ववत् बांधून दिली.

मग आम्हीं भीत भीत त्याच्या कोटाचें विचारलें. आमची समजूत, तो कोठें तरी पेटींत पडला असेल, किंवा कोणास देऊन टाकला असेल.

"रोज घालतों कीं," तो म्हणाला. "या आठवड्यांत मळ्यांतली लाईट रात्रींची आहे. बारा वाजतां मोटार चालूं करायला जावं लागतं. गुडघ्याखालीं येतो म्हणून बरा, वारा लागत नाहीं."